चावी वर, हातोडा खाली

इर्याच्या घरची गाडी चालू करायला दोन माणसं लागत. एक वर चावी फिरवायला आणि एक खाली हातोडा मारायला. वरचा म्हणजे ताइस्तो, तिचा नवरा. खालची इर्या. ही वाटणी कधी झाली आणि कोणी केली ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण घराघरांत अशा वाटण्या कशा होतात ते कुणाला सांगायला नको.

गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, फोर व्हील ड्राइव्ह. लॅपलँडच्या त्या जंगलातल्या घरापासून हमरस्त्यापर्यंत बर्फातून दुसरी कुठली गाडी पोचलीच नसती. उन्हाळ्यात ती गुणी लेकरासारखी पहिल्या हाकेला ओ द्यायची. पण थंडीने एकदा दात दाखवले, की चावी फिरवल्यावर खालून फक्त एक आवाज येई. टक्. पुढे सगळं शांत. मग इर्या ओसरीतल्या खुंटीवरचा हातोडा काढी, बर्फावर रेनडियरचं जुनं कातडं अंथरी, त्यावर उताणी होऊन गाडीखाली सरके आणि इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या मोटरवर, म्हणजे सेल्फवर, हातोडा टेकवून ओरडे, "फिरव!" वर चावी फिरे, खाली हातोडा पडे आणि गाडी खोकत खोकत चालू होई. इर्या बाहेर येईपर्यंत मानेतून बर्फ पार पाठीपर्यंत गेलेला असे. ताइस्तो काच खाली करून एकच शब्द बोले.

"बॅटरी."

ताइस्तोने आयुष्यभर सरकारी रस्त्यांवरचा बर्फ ढकलणारी मोठी गाडी चालवली होती. यंत्रातलं त्याला कळतं असं गावाने ठरवून टाकलं होतं आणि त्यानेही कधी हरकत घेतली नव्हती. तो बॅटरी म्हणाला म्हणजे बॅटरी. त्याने नव्या बॅटऱ्या आणल्या, जास्त जोराच्या आणल्या. इंजिन गरम राहावं म्हणून अंगणातल्या खांबावरून तार ओढून रात्रभर त्याला वीज लावलेली असेच, पण बॅटरीला थंडी बाधू नये म्हणून ती रोज संध्याकाळी काढून चुलीजवळ आणून ठेवायची असा नियम झाला. आणायची अर्थात इर्याने. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांची पातेली उचलून आलेली बाई संध्याकाळी ती शिशाची धोंड पोटाशी धरून आत आणी आणि सकाळी परत बाहेर नेई. पुढे ती निवृत्त झाली, खुबा दुखायला लागला, तरी नियम तोच राहिला.

शरद ऋतूत ताइस्तोला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, दर मंगळवारी शहरात व्यायामाला आणायचं, हात यायचा असेल तर आताच येईल. त्यासाठी टॅक्सी मिळत होती, पण परक्या माणसाने आपल्याला पोत्यासारखं उचलून आत टाकावं हे ताइस्तोला मान्य नव्हतं. हट्ट तेवढा शाबूत राहिला होता. म्हणून मग इर्या त्याला धरून धरून चालकाच्या जागेवर बसवी. तो डावा हात वळवून चावी फिरवी, इर्या खालून हातोडा मारी. गाडी चालू झाली की त्याला उतरवून, पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसवायचं आणि मग स्वतः चालवायला बसायचं. निघेपर्यंतच तिच्या अंगातलं सगळं त्राण संपलेलं असे.

या खटाटोपात दोन मंगळवार चुकले. तेव्हा घरी तपासायला येणारी नर्स पाइवी कॉफीचा कप बाजूला सारून म्हणाली, "इर्या, मी स्पष्टच बोलते. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय. पुढच्या बैठकीत मला ताइस्तोबद्दल काहीतरी सांगावं लागेल."

"गाडी निघते आमची," इर्या म्हणाली.

"निघते की तुम्ही काढता?"

इर्याने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. त्या आश्रमात एकेकाची खोली वेगळी होती. ताइस्तो तिथे आणि आपण इथे, हे चित्र तिला बघवेना. नवऱ्याचा कितीही कंटाळा आला, आणि तो तिला खूप आला होता, तरी बघवेना.

पुढच्या मंगळवारी तर कहरच झाला. हातोडा मारायला म्हणून इर्या खाली गेली आणि खुबा अडकला. पाय हलेना, सरकता येईना.

"इर्या," वरून ताइस्तो.

"काय?"

"बाहेर निघ ना."

"निघता येत नाहीये."

वरून जड आवाजात, "मी येतो."

"कुठे येतोस? बस तिथेच. तू पडलास म्हणजे आपण दोघं आणि गाडी, तिघंही आडवी."

एक खाली, एक वर. दोघांनाही हलता येईना, आणि मधे बंद गाडी. इर्याला आधी हसू आलं, मग थंडी वाजायची थांबली, माणूस गारठून जायच्या आधी असंच होतं, तेव्हा मात्र ती घाबरली. वरून ताइस्तो सारखा तिचं नाव घेत होता, ती झोपू नये म्हणून. शेवटी शेजारचा ओस्मो ट्रॅक्टरने रस्ता साफ करत आला. बाहेर आलेली दोन पावलं बघून तो खाली वाकला.

"काय गं, खाली मासे धरतेयस?"

"ओढ मला आधी. मग बोल."

ओस्मोने कातड्यासकट तिला स्लेजसारखी बाहेर ओढली. पाइवीला काही कळू देणार नाही असा शब्दही दिला. पण ओस्मोच्या बायकोने तसा शब्द दिला नव्हता, तेव्हा आपल्या हातात फार दिवस नाहीत हे इर्याला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी ताइस्तो दुपारचा झोपला असताना ती एकटीच गाडीत जाऊन बसली. एवढ्या हिवाळ्यांत बंद गाडीच्या चावीला तिने हात लावला नव्हता. सूर्य न उगवण्याचे दिवस होते. काही दिसावं म्हणून तिने दिवे लावले. उजेड समोरच्या कोठाराच्या भिंतीवर पडला. तिने चावी फिरवली. टक्. भिंतीवरचा उजेड जराही मंदावला नाही. पुन्हा फिरवली. टक्. दिवे ढिम्म.

शाळेच्या स्वयंपाकघरात भट्टी आणि कणीक मळायचं मोठं यंत्र एकदम लावलं की छतावरचे दिवे मलूल होत. वीज ओढणारं कुणी असेल तर दिव्यांना ते कळतं. इथे तर कुणी ओढतच नव्हतं. बॅटरी वीज द्यायला हात पुढे करून उभी होती, पण वीज मोटरपर्यंत पोचतच नव्हती.

आणि हे कधीच कसं दिसलं नाही? इर्या नेहमी खाली, तिला दिवे दिसणार नाहीत. वर बसणारा ताइस्तो दिवे लावतच नसे. बॅटरी वाचवायला. एवढं लक्षात आल्यावर तिला असा राग आला, की थंडीतही कान तापले.

तिने ओस्मोला फोन केला. तो म्हणाला, "मग ते सेल्फच्या डोक्यावरच्या डबीतलं असणार. आत तांब्याच्या दोन पट्ट्या असतात, त्या झिजल्या की वीज पुढे जात नाही. थंडीत तर नाहीच. हातोड्याने आतला दांडा जरा हलतो आणि उरल्यासुरल्या तांब्याला टेकतो."

"तुला माहीत होतं?"

"वाटायचं तसं."

"मग बोलला का नाहीस?"

"ताइस्तो बॅटरी म्हणाला ना," ओस्मो म्हणाला.

ओस्मोने सेल्फ काढून तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला. ओस्मोने मागवलेल्या नव्या पट्ट्यांची पुडी शहरातून पाइवीनेच औषधांच्या पिशवीतून आणली. पुडीत काय आहे ते तिने विचारलं नाही आणि इर्यानेही सांगितलं नाही. इर्याने डबीचे स्क्रू सोडले. ताइस्तो समोर बसून बघत होता. एक पट्टी बऱ्यापैकी धड होती. दुसरी चंद्रकोरीसारखी झिजून गेली होती, काळी पडली होती. तिने ती पुसली आणि बशीत घालून त्याच्यापुढे सरकवली.

"ही घे तुझी बॅटरी."

ताइस्तोने डाव्या अंगठ्याने पट्टी उलटीपालटी करून पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली.

"तू... बोलली नाहीस कधी."

"बोलले होते. पहिल्याच हिवाळ्यात. म्हटलं, टक् आवाज वरून बॅटरीतून येत नाही, इथून येतोय, माझ्या हाताखालून. तू म्हणालास, खालून तुला काय दिसतं."

माफीचा शब्द त्याच्या तोंडात कधी बसला नव्हता, आणि आता तर अर्धं तोंडच चालत नव्हतं. इर्यालाही तो ऐकायची हौस उरली नव्हती. तिला फक्त झोपायचं होतं, गरम पलंगावर, पाठीखाली बर्फ नसताना. तिने नव्या पट्ट्या बसवल्या, स्क्रू आवळले आणि भांडी घासायला घेतली.

सोमवारी ओस्मोने सेल्फ परत चढवला आणि चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा चालू. त्या संध्याकाळी बॅटरी बाहेरच राहिली. ताइस्तो खिडकीतून बघत होता. इर्या आत आली तेव्हा ठीक झालं एवढंही तो बोलला नाही, आणि तिला ते लागलं.

मंगळवारी तिने त्याला कोट चढवला, टोपी घातली आणि ओसरीत आणलं. खुंटीवर हातोडा होता. ताइस्तो तिथे थांबला, हातोड्याकडे बघत उभा राहिला, मग काठी टेकत पायऱ्या उतरला. सवयीने इर्या त्याला चालकाच्या दाराकडे वळवू लागली. त्याने दंड सोडवून घेतला. एक पाय ओढत तो एकटाच गाडीच्या पुढून गेला आणि दुसऱ्या बाजूच्या दाराशी, ते कुणीतरी उघडायची वाट बघत उभा राहिला.

लग्न झाल्यापासून त्याने चालकाची जागा आपणहून कधी सोडली नव्हती. इर्याने दार उघडलं, त्याला बसवलं, पट्टा लावला आणि इकडे येऊन चावीला हात घातला. दिवे लावले. भिंत उजळली. पण हात पुढे जाईना. इतकी वर्षं आधी खालून हाक जायची, मग चावी फिरायची. आता खाली कुणीच नव्हतं. ती तशीच बसून राहिली. दमल्याने डोळे भरून आले होते.

"फिरव," शेजारून ताइस्तो म्हणाला.

इर्याने चावी फिरवली.