माणगावहून आणलेला कम्पायलर

माणगावच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याने मला फसवलं. अर्धवट कम्पायलर पूर्ण म्हणून माझ्या गळ्यात मारला.

बोर्ली पंचतनला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, कुणाच्या मदतीशिवाय उभं केलेलं. उन्हाळ्यात विहिरी आटतात, पंप कोरडे फिरतात आणि जळलेल्या मोटरी माझ्याकडे येतात. मला वाटायला लागलं, पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा डबा आपणच का बनवू नये? आत एक छोटी चिप, मायक्रोकंट्रोलर, आणि तिच्यात आपला प्रोग्रॅम. शेजारच्या सुपारीच्या वाडीतल्या काकू पहिला डबा घ्यायला तयार झाल्या.

आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल असा करून देतो तो कम्पायलर, एवढं मोबाइलवर बघून समजलं होतं. पण घ्यायचा कुठला? व्हिडिओतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या कम्पायलरला नावं ठेवत होता. माझं कामात लक्ष लागेना. शेवटी दुकानाला कुलूप घातलं आणि माणगावची एसटी पकडली.

"फुकटचापण मिळतो म्हणे," मी क्लासवाल्याला म्हटलं.

"मिळतो ना. पण अडलात तर भांडणार कुणाशी?"

हे मला पटलं. उद्या ज्याची गचांडी धरता येईल अशाच माणसाकडून मी माल घेतो. मग घासाघीस करून भाव उतरवला आणि मासळीचा वाटा घेताना विचारतो तसं विचारलं, "वर काय घालणार?"

"शेठ, कम्पायलर आहे, बांगडे नाहीत."

"तरीपण."

त्याने वर एक बोर्ड आणि वायरींचा गुंता घातला. मी खूश.

डबा वाडीत बसवला. पाणी संपताच पंप थांबला. काकूंनी शेजारणींना बोलावून दाखवलं. पण विहिरीत जरा पाणी पाझरलं की मोटर पुन्हा सुरू, लगेच पुन्हा बंद, उचकी लागल्यासारखी. विहीर नीट भरेपर्यंत थांबायला तिला शिकवायला हवं होतं. मी तेवढा भाग लिहिला, तर कम्पायलर म्हणाला, प्रोग्रॅम मर्यादेपेक्षा मोठा आहे.

क्लासवाल्याला फोन लावला.

"तो डेमो आहे ना, शेठ. त्यात छोटेच प्रोग्रॅम होतात."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुम्ही वर काय मिळतं तेच विचारत होतात. आत काय आहे, विचारलंत?"

मी फोन आपटला आणि फुकटचा कम्पायलर उतरवून घेतला. तर त्याची लिहायची पद्धतच वेगळी. माझा प्रोग्रॅम त्यात घातला की खाली सगळ्या लाल चुका. पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलो. काकूंना डबा काढून ठेवायला सांगितलं होतं.

"असू दे रे, तुझ्यावर विश्वास हाय माझा," म्हणत त्यांनी तो काढलाच नाही. सारखी चालू-बंद होऊन मोटर जळली आणि माझ्याच दुकानात आली.

मी तिचं वाइंडिंग फुकट भरून दिलं. काकूंनी नंतर डबा लावू दिला नाही. बाजारात मात्र पोरं विचारतात, "काय दादा, गिऱ्हाईक वाढवायला डबे वाटताय काय?"

नवा प्रोग्रॅम आता चालतो. डबे तयार आहेत, घ्यायला कुणी धजत नाही. म्हणून त्या क्लासवाल्याला माझं सांगणं आहे: बोर्लीला ये. काकूंच्या विहिरीपाशी उभा राहा आणि लोकांसमोर सांग, डेमो आहे हे ठाऊक असताना तू तोंड का शिवलं होतंस?