वाढ्याची गाठ

दुष्काळाच्या एका साली आम्ही शिरूर कासारहून सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला गेलो होतो. एका फडात आष्टीकडची टोळी आमच्या जोडीला आली. तिच्यात नऊ-दहा वर्षांची एक पोर होती. तिला सगळे 'ए पोरी' म्हणायचे, मीही तेच म्हटलं. ती पहाटेपासून उसाच्या मोळ्या बांधत होती. वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, पीळ द्यायचा, मोळीभोवती आवळायचा, की पुढची मोळी. हातांकडे ती बघतही नव्हती.

दुपारी तिला जरा बसू दिलं. माझं चार महिन्यांचं लेकरू तिच्याजवळ बांधावर ठेवून मी फडात गेले. परत आले तर पोर बसल्या जागी झोपली होती. डोळे मिटलेले होते आणि हात चालू होते. लेकराच्या छातीभोवती वाढं गुंडाळून ती गाठ आवळत होती. लेकराचे ओठ निळे पडले होते. त्याला रडताही येत नव्हतं.

मी कोयत्यानं वाढं कापलं. लेकरानं श्वास घेतला, मग टाहो फोडला.

"काय करतीस गं, सटवे?" मी हात उगारला.

ती जागी झाली. तुटलेल्या वाढ्याकडं बघून म्हणाली, "मावशे, गाठ कावून तोडली? ढिली झालती का?"

माझा हात खाली आला. लेकरू मी पाठीशी बांधलं आणि तिला परत फडात धाडलं.

दिवस मावळेपर्यंत तिनं माझ्याच मोळ्या बांधल्या. त्या मी डोक्यावरून गाडीत चढवल्या. एकही सुटली नाही.