वयापेक्षा तरुण मेंदू

"काकू, काळजी सोडा. काकांचा मेंदू पन्नाशीतल्या माणसाचा आहे!"

हे मी भर वेटिंग एरियात, चार लोकांसमोर बोलले. रेडिऑलॉजिस्टने असं बोलायचं नसतं. आम्ही स्क्रीनसमोर बसून स्कॅन वाचायचे, रिपोर्ट लिहायचा. पेशंटला समजावून सांगणं त्याच्या डॉक्टरचं काम. पण अलकापुरीतल्या आमच्या सेंटरमध्ये दिवसभर गुजराती 'केम छो' आणि 'बेसो ने' चालू असतं. त्यात मराठीत कोणी "अहो, चष्मा कुठे ठेवलात?" म्हणालं की मी खुर्ची सोडून बाहेर येतेच. जन्म बडोद्यात गेला, तरी ही खोड गेली नाही.

सबनीस काका कारेलीबागेतले. वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेतून रिटायर्ड. दोन-तीन आठवड्यांपासून ते विसरायला लागले होते, पाय ओढत चालत होते, जेवतानाही पेंगत होते. डॉक्टरांनी फॉर्मवर एवढंच लिहिलं होतं: 'डिमेन्शिया? CT ब्रेन.' म्हणजे वयाबरोबर येणारा आणि बहुधा परत न जाणारा स्मृतिभ्रंश. काकू भेदरल्या होत्या. आमच्या टेक्निशियनने नेहमीप्रमाणे विचारलं, "पडले होते का?" काकूंनी उत्तर दिलं, "नाही हो." काकांना कोणी विचारलं नाही.

स्कॅन मात्र देखणा होता. वय वाढतं तसा मेंदू आक्रसतो आणि त्याच्या घड्यांमधल्या फटी रुंद होतात. काकांच्या मेंदूत फटी जवळजवळ नव्हत्याच. मधली रेषा सरळ. गाठ नाही, पांढरं चमकणारं ताजं रक्त नाही. मी 'नॉर्मल' लिहिलं आणि बाहेर जाऊन वर सांगितलेली बढाई मारली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव पावला गं," म्हणाल्या आणि काकांना हाताला धरून रिक्षात घेऊन गेल्या.

पुढचा पेशंट बेचाळीस वर्षांचा, डोकेदुखीचा. त्याचा स्कॅन उघडला. घड्या, फटी, सगळं नीट दिसत होतं. काकांपेक्षा कितीतरी स्पष्ट.

अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाच्या मेंदूत बेचाळिशीतल्यापेक्षा कमी फटी? त्या गेल्या कुठे?

मी काकांचा स्कॅन परत उघडला. CT मध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, खूप जुनं काळपट. मधल्या काही आठवड्यांत मात्र ते नेमकं मेंदूच्याच राखाडी रंगाचं होतं. ते एका बाजूला साचलं तर मेंदू दुसरीकडे ढकलला जातो आणि मधली रेषा वाकते, मग चोर सापडतो. इथे दोन्ही बाजूंनी सारखंच दाबलं होतं. रेषा सरळच राहिली आणि फटी चेपून बंद झाल्या. मी ज्याला तरुण मेंदू म्हटलं तो गुदमरलेला मेंदू होता. कवटीच्या आत दोन्हीकडे बोटभर जाडीचा थर होता, आणि एकदा दिसल्यावर तो दिसेनासा होईना.

मी सेंटरचे मालक मेहुलभाईंकडे गेले. "सबनीसांना परत बोलवायचंय. MRI करायचा. आत्ता."

"पण बेन, रिपोर्ट तो क्यारनो गयो!"

"हो, केव्हाच गेलाय. पण चुकलाय."

मेहुलभाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग बाराची वेळ मोकळी करायला रिसेप्शनला ओरडून सांगितलं, "बार वाग्यानो स्लॉट खाली करो!" हा माणूस मला रोज रिपोर्टच्या उशिरावरून छळतो, पण अशा वेळी वाद घालत नाही.

काकूंनी फोन उचलला. आवाज खुशीत होता. "अगं, आत्ताच शिरा केला. हे शांत झोपलेत बघ."

"काकू, त्यांना उठवा."

"झोपू दे की. रात्रभर जागे होते."

"आत्ता उठवा. मी फोन धरते."

पलीकडून हाका ऐकू येत राहिल्या. "अहो... अहो, उठा ना..." पाच-सहा हाका झाल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग काकांचा जड आवाज आला. "त्यांना लगेच परत इकडे घेऊन या," मी म्हटलं.

MRI वर संशयाला जागा उरली नाही. तिथे तेच रक्त दोन्ही बाजूंना लख्ख चमकत होतं. मी काकांसमोर स्टूल ओढून बसले. "काका, डोक्याला काही लागलं होतं?" काकूंनी तोंड उघडलं. मी हातानेच थांबवलं. काकांनी टाळूवरून हात फिरवला.

"हिंचका," काका म्हणाले. "पेन खाली गेलं होतं. उठताना झोपाळ्याची फळी डोक्याला लागली. महिना झाला असेल."

"मला बोलला नाहीत!" काकू म्हणाल्या.

काका पडले नव्हते, हे खरंच होतं. फक्त हृदयासाठी त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. म्हाताऱ्या मेंदूभोवतीची एखादी बारीक शीर तेवढ्या टोल्यानेही फुटते आणि थेंबथेंब गळत राहते.

न्यूरोसर्जनने त्याच संध्याकाळी कवटीला लहान भोकं पाडून ते रक्त काढलं. मेहुलभाईंनी मला हळूच विचारलं, "पहेलो रिपोर्ट सिस्टममांथी काढी नाखीए?" मी नको म्हटलं. तो तसाच ठेवला, खाली दुरुस्ती जोडली, सही केली.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेले. काका उशीला टेकून पेपर वाचत होते. मी काकूंना म्हटलं, "पहिला रिपोर्ट माझा होता. तो चुकला होता. माझ्यामुळे तुम्ही निर्धास्त घरी गेलात." बोलताना लाज वाटत होती आणि ती लपवता येत नव्हती.

काकूंनी काकांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "तू फोन केला नसतास, तर?"

"तर काका कदाचित उठले नसते."

तेवढ्यात काकांनी पेपर खाली केला.

"चूक तूच पकडलीस ना? मग इथे काय बसलीस? जा, बाकीच्यांचे स्कॅन बघ. पण नीट बघ."

तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाचा स्कॅन फारच सुंदर दिसला, की मी तो बाजूला ठेवते, एक चक्कर मारून येते आणि पहिल्यापासून परत बघते. मेहुलभाई म्हणतात, त्यामुळे रिपोर्टला दहा मिनिटं उशीर होतो. होतो.