थप्पडसुद्धा लिहून घेणारी

शकुंतला हिरेमठ गेल्याचं मला शाळेत कळलं, मधल्या सुट्टीत. ट्रेनिंग कॉलेजचा शिपाई सायकलवरून आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "हिरेमठ बाई सकाळी गेल्या, सिव्हिलमध्ये. कावीळ लई वाढली होती." माझ्या हातात अर्धी भाकरी होती. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. एवढी शिकलेली बाई, दोन महिने डोळे पिवळेधमक घेऊन हिंडते आणि डॉक्टरकडे जात नाही, याला काय म्हणायचं? त्या शिपायालाच मी फाडून खाल्लं, आधी का नाही सांगितलंस म्हणून. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. माझ्यापुढे माणसं अशी उभी राहतात, ती माझी जुनी कमाई आहे. महिना झाला या गोष्टीला. "तुम्ही बालमैत्रीण, तुम्हीच लिहा," असा वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून निरोप आला तेव्हा मी नाही म्हणणार होते. शकूबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते काही चांगलं नाही. पण खोटं लिहिलं असतं तर शकू बोलली नसती, नुसती बघत राहिली असती… त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आम्ही दोघी सोलापूरशेजारच्या होटगीच्या. दोघींचे वडील रेल्वेत. तिच्या घरी कानडी, आमच्या घरी मराठी, आणि शाळा मराठी. गुरुजींकडे कडुलिंबाचा ओला फोक असे. वर्गात कानडी शब्द निघाला की पोटरीवर एक फोक, असा नियम. शब्द कुणाच्या तोंडून निघाला ते सांगायचं काम मॉनिटरचं, आणि मॉनिटर मी. मी इमानेइतबारे सांगायचे. एकदा शकूला एका दमात आठ-नऊ बसले आणि फोक मोडला. गुरुजींनी दुसरा तोडून आणायला तिलाच धाडलं. तिने आणला, चांगला सरळ, हिरवागार. घरी जाताना मी म्हटलं, "येडी का काय, वाळका आणायचा की." तर म्हणाली, "वाळका बघून परत धाडतील. मग त्याचे वेगळे." पोटऱ्यांवरून रक्त ओघळून चपलेत गेलं होतं. पुढे ती मराठीत पहिली यायला लागली तेव्हा सगळं गाव म्हणायचं, बघा, माराने कशी सुधारली. शकू म्हणायची, "मार खाऊन मी गप्प बसायला शिकले. मराठी शिकले इंदूच्या आईकडे, शेंगा फोडता फोडता." माझी आई चुका काढायची नाही. तिला स्वतःलाच लिहितावाचता येत नव्हतं, चुका कुठून काढणार?

मी मास्तरीण झाले, ती पुण्याला गेली, तिथून हैदराबादला. दुष्काळाच्या आगेमागे परत आली ती भाषाशास्त्राची मोठी पदवी आणि सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर घेऊन. घरी एक भाषा बोलणारं मूल शाळेत दुसरी भाषा कशी शिकतं, हा तिचा विषय. त्याला सोलापूरसारखं गाव नाही. आमची शाळा पूर्व भागात, चारी बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट, आणि वर्गातली बहुतेक पोरं घरी तेलुगू बोलणारी. ती माझ्याच तिसरीच्या वर्गात येऊन बसायला लागली. मुख्याध्यापकांच्या खोलीतून वायर ओढायची, खिडकीपाशी तो डबा चालू करायचा आणि ऐकत राहायचं. घरी जाऊन टेपवरचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवायचं. मुलाचं वाक्य, चूक जशीच्या तशी, खोकला, बाकाची करकर, आणि माझी थप्पडसुद्धा. थप्पडीसाठी तिने एक भरीव काळा चौकोन ठरवला होता. हैदराबादच्या तिच्या मोठ्या सरांनी कळवलं की संशोधनात असलं काही नको, वगळा. ती ऐकेना. टेपवर आहे ते वहीत येणार, हा तिचा नियम. मी एकदा ती वही उघडली तर पानावर देवी आल्यासारखे चौकोन.

मी मारकुटी बाई होते. लपवून काय उपयोग? पट्टी, डस्टर, हात, जे सापडेल ते. आणि मला कुणी बोलतही नव्हतं. आईबाप मूल शाळेत घालतानाच सांगायचे, हाडं आमची, कातडं तुमचं. लक्ष्मीचा बाप नरसय्या दोन मागांवर राबणारा माणूस. पोरीला माझ्या टेबलापुढे ढकलून म्हणाला, "मारा बाई, पण मराठी बोललं पाहिजे ती. मी बोलत नाय चांगलं, म्हणून मुकादम शिव्या देतो." लक्ष्मी म्हणजे काटकुळी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, आणि विचारलं की तोंड फिरवणारी. "लक्ष्मी, उभी राहा," म्हटलं की उभी राहायची, आणि पुढचं विचारलं की मान डावीकडे वळवून भिंतीकडे बघायची. उत्तर नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. चाळीस पोरांसमोर एवढीशी पोर माझ्यावरून तोंड फिरवते म्हणजे काय? मी तिच्या कानाखाली आवाज काढायचे. ती परत तोंड फिरवायची. मी परत काढायचे. एकदा वेणी धरून डोकं फळ्यावर आपटलं, खडूची भुकटी उडाली. खिडकीपाशी शकूच्या डब्याची चाकं आपली फिरत होती.

शकू मला थांबवत का नव्हती, हे मी तिला पुढे भांडणात विचारलं. "चुकलंच की माझं," एवढंच म्हणाली. तेव्हा तिला वाटत होतं की हे नव्या भाषेतलं मौन आहे. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही मुलं महिनोन् महिने नुसती ऐकतात, बोलत नाहीत, आणि मग एक दिवस बोलायला लागतात, असं ती सांगायची. लक्ष्मीच्या मौनावर तिने वीसेक पानं लिहून काढली होती. तिच्या निबंधातला तोच कणा होता. तेवढ्यात वार्षिक परीक्षा आली आणि मुख्याध्यापकांनी लक्ष्मीच्या नावापुढे मंदबुद्धी असं लिहून नाव कमी करायचं ठरवलं. तिच्या आईने लगेच तिला आपल्याबरोबर विड्या वळायला न्यायची तयारी केली, पान-तंबाखू ठेवायला तिच्यापुरतं सूपही आणलं. शाळेच्या समितीपुढे तो कागद गेला की पोर शाळेतून गेली, कायमची. हातात आठ दिवस होते.

त्या आठवड्यात शकू माझ्या घरी आली. हातात ती वीस पानं. माझ्यासमोर फाडली आणि चुलीत घातली. म्हणाली, "मी पण गाढवच की, इंदे. वर्षभर ऐकतेय आणि कान कुठं होते माझे? सुट्टीत मी खिडकीपाशी बसून विचारलं की ती बोलते. तू समोरून विचारलंस की बोलत नाही. खिडकी तिच्या उजव्या अंगाला आहे. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. ती तोंड फिरवत नव्हती गं, चांगला कान तुझ्याकडे करत होती." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिला सिव्हिलमध्ये घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, जुनं आहे. कशाने? कानावर फटका बसल्याने. बाप तिला मारायचा, पण पाठीत. माझा उजवा हात समोरच्या पोराच्या डाव्या कानावर पडतो, आणि ती तोंड फिरवायला लागायच्या आधीपासून मी तिला मारत होते. पुढची कितीतरी वर्षं मी कुणाच्या हाताने फाटला देवाला ठाऊक, असं म्हणत राहिले. देवालाच नव्हे, मलाही ठाऊक होतं.

शकूकडे एक टेप होती. तिच्यावर लक्ष्मी मराठीत बोलत होती, आणि तिच्यावर मीही होते. तीच समितीपुढे लावायची असं तिने ठरवलं. मी हातापाया पडले. म्हटलं, शके, नोकरी जाईल माझी, म्हातारी आई आहे पदरात, तेवढा तुकडा ब्लेडने काप, बाकीचं ऐकव. ती रडत होती, पण मान हलवत होती. "ती थप्पड कापली तर पोर का बोलत नव्हती ते कुणाला कळणार? मग ती मंदच ठरेल की." मी म्हटलं, "म्हणजे त्या पोरीपायी मला बुडवणार तू." तर म्हणाली, "व्हय."

समितीत तीन माणसं होती, मुख्याध्यापक, एक अधिकारी आणि गावातले एक वजनदार गृहस्थ. लक्ष्मीला बापाबरोबर बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं. शकूने बटण दाबलं. माझा आवाज आला, मला ओळखूच आला नाही, एखाद्या भांडखोर शेजारणीचा वाटला. "तुझ्या घरी कोण कोण आहे? इकडे बघ. इकडे बघ म्हणते ना." मग ती थप्पड. वर्गात मारताना तिचा आवाज कधी जाणवत नाही. त्या खोलीत ती ओलं कापड दगडावर आपटल्यासारखी वाजली. गृहस्थ दचकले. लगेच दुसरी. मग मधल्या सुट्टीची घंटा, वर्गाबाहेर जाणाऱ्या माझ्या चपला, आणि नुसते बाहेरचे माग. मग शकूचा हळू आवाज, तोच प्रश्न, आणि लक्ष्मीचं उत्तर, स्वच्छ: "आई हाय, बाप हाय, आजी हाय, दोन माग हायेत. मागाला सुट्टी नसतंय." अधिकाऱ्यांनी परत लावायला सांगितलं. दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा मी माझ्या हाताकडे बघत होते.

लक्ष्मीचं नाव राहिलं. तिला दुसऱ्या बाईंच्या वर्गात, उजवा कान त्यांच्याकडे येईल अशा बाकावर बसवलं. माझी नोकरी गेली नाही, बदली झाली, सांगोल्याच्या पुढे एका वस्तीवर, जिथे टँकर आला तर पाणी. निकाल ऐकून बाहेर आलो तेव्हा जिन्यात शकू मला काहीतरी सांगायला वळली आणि मी तिच्या तोंडात मारली. सगळा जीव काढून मारली. चष्मा उडाला, एक काच फुटली, ओठ फाटला. नरसय्या खालून बघत होता. शकूने चष्मा उचलला, पदराने ओठ दाबला आणि म्हणाली, "आज टेप चालू नव्हता." उतरून गेली. मी सांगोल्याला गेल्यावर तिने एक पत्र धाडलं, ते मी न फोडता परत केलं.

त्या वर्षांत तिने काय केलं ते मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं. ती ट्रेनिंग कॉलेजात लागली. होणाऱ्या मास्तरांना सांगायची, मूल चुकतं तेव्हा ते घरच्या भाषेचा हात धरून नव्या भाषेत पाऊल टाकत असतं, त्या हातावर मारू नका. मास्तर हसायचे. तिच्या वहीतून निघालं होतं एवढंच, की थप्पडीनंतर मुलाची वाक्यं तुटतात, मग शब्दांवर येतात, मग काहीच येत नाही. परिषदांमधून लोक विचारायचे, यात भाषाशास्त्र कुठे आहे? सीमेचं वातावरण तापलं तेव्हा, कानडी बाई मराठी कशी शिकवते म्हणून कुणीतरी तिच्या खिडकीवर दगड घातला, खांदा सुजला. दुसऱ्या दिवशी खांदा बांधून तासाला हजर. अकलूजकडच्या एका शाळेत तिचं भाषण चालू असताना एक मास्तर उठून म्हणाला, "बाई, मार नाही तर धाक कशाचा?" ती म्हणाली, "धाक बसतो की. मराठी येत नाही." हे सांगणारा मला हसत हसत सांगत होता. मला हसू आलं नाही, कारण एव्हाना वस्तीवरच्या शाळेतसुद्धा पोरं माझ्यापुढे मुकी होती, आणि त्यांची तर घरची भाषाही मराठीच होती.

मी बदलीवरून परत आले तरी आम्ही बोललो नाही. शेवटची दिसली ती एसटी स्टँडवर, जाण्याच्या महिनाभर आधी. डोळे पिवळे. म्हणाली, "इंदे, एकदा येऊन जा खोलीवर." मी म्हटलं, बघू. गाडी लागली होती… नव्हती लागली. मी खोटं बोलले.

गेले ते परवा, तिची पुस्तकं बांधायला. घरमालकाने वरची खोली उघडून दिली. मी वह्या आवरत होते, तोवर दारात एक मुलगी उभी राहिली, सोळा-एक वर्षांची, परकर-पोलकं, हातात पाटी-पुस्तकं. मान डावीकडे वळवली तेव्हा ओळखलं. लक्ष्मी यंदा मॅट्रिकला आहे. मागवाल्यांची लहान पोरं रोज दुपारी इथे मराठी वाचायला येतात, शकू आजारी पडल्यापासून तीच त्यांचं घेते, आणि महिनाअखेरपर्यंत खोली मिळेल का, हे विचारायला आली होती. सगळं नीट, न अडखळता बोलली. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून मी हात वर केला. लक्ष्मी एकदम मागे सरली, दारावर आदळली, आणि पुस्तकं सोडून दोन्ही हातांनी तिने डावा कान झाकला. मला जे काही व्हायचं होतं ते तिथे झालं. मी हात खाली घेतला. दोघी पुस्तकं गोळा करत बसलो.

मग तीच म्हणाली, "बसा की बाई," आणि चटई टाकली. "हिरेमठ बाई हितंच बसायच्या. हात असे मांडीखाली घेऊन." तिने बसून दाखवलं. मी विचारलं, असं का? "मीपण इचारलं एकदा. म्हणाल्या, माझा पण हात उठतो गं, लई उठतो. पोरं चुकली की होटगीचे गुरुजी अंगात येतात. म्हणून त्याच्यावर बसून राहते."

जन्मभर मी समजत होते की शकूला रागच येत नाही. देवाने तिला तसंच घडवलं आणि मला असं घडवलं, म्हणजे माझा काही दोष नाही.

तेवढ्यात जिन्यावर पोरांची पावलं वाजली. सात-आठ जण येऊन बसले आणि मला बघून चिडीचूप झाले. लक्ष्मीने एकाला वाचायला सांगितलं. पहिल्याच ओळीत त्याची चूक झाली, दुसऱ्यांदाही तीच. माझ्या खांद्यापासून बोटापर्यंत काहीतरी सरसरत आलं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. फरशी गार होती, बोटांची हाडं दुखत होती. लक्ष्मी माझ्याकडे बघत होती. मी त्या पोराला म्हटलं, "वाच बाळा, पुढे वाच."