जाम क्लच आणि राजुऱ्याचा रस्ता

चेन-पुलीला इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच लटकलेले होते. दोन्ही जोडणारे सगळे बोल्ट मी काढले होते. आता गिअरबॉक्स मागं ओढला की सुटायला हवा. ओढला की बोटभर फट पडायची, सोडला की परत मिटायची.

प्रदीप म्हणाला, "मिस्त्रीकाका, क्रोबार घाला ना मधे."

"नाही घालणार."

बस डेपोतून रिटायर झाल्यावर आदिलाबादला बेला रोडवर मी छोटं गॅरेज टाकलं होतं. ही मोटार प्रदीपच्या आजोबांची, निजामाच्या काळातली. त्यांच्या जिनिंगच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं कापसाच्या गाठींआड उभी होती. प्रदीप हैदराबादला नोकरीला. दसऱ्याला गाडी रस्त्यावर आली पाहिजे, असा त्याचा हट्ट.

क्रोबार का नाही, ते सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटीच्या आकाराचं एक ओतीव कवच असतं. त्याला बेलहाउसिंग म्हणतात. त्याच्या आत क्लच. पहार घालून जोर केला की कवचाचा कान तुटतो. नव्या गाडीचा तुटला तर दुसरा आणता येतो. या गाडीचा कुठून आणणार?

"मग इंजिनच बदलू," प्रदीप म्हणाला. "डिझेल इंजिन बसवू. ॲव्हरेज मिळेल, पार्ट मिळतील. मी ट्रक पाठवतो, हैदराबादला नेऊन बसवून घेऊ."

त्याचे वडील, अण्णा, टायरच्या ढिगाशेजारी खुर्चीवर बसून होते. ते तामसीच्या शेतावरून रोज बसनं गॅरेजला यायचे. ते मधेच बोलले.

"ते इंजिन काऊन काढून फेकतं रे? मले त्याचाच आवाज पायजे."

"आवाजाचं काय एवढं, बाबा?"

"अक्काले ऐकवायचा हाये."

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिला राजुऱ्याला दिली तेव्हा राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. लग्नानंतर वडील दर सणाला याच मोटारीनं तिला आणायचे, बेल्यावरून, कच्च्या रस्त्यानं. पुढं राज्यांची फेररचना झाली. राजुरा मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेलं, आणि आदिलाबाद आंध्रात, म्हणजे आजच्या तेलंगणात. रस्ता तोच होता. पण मधे राज्याच्या सीमेचा नाका आला, पुढं वडील गेले, मोटार शेडमध्ये गेली, आणि येणंजाणं लग्नकार्यापुरतं उरलं. आता अक्का पडल्या होत्या, कंबर गेली होती. फोनवर त्या एकच विचारायच्या, "बाबाची मोटर हाये का रे अजून?"

"जिल्ह्याचे तुकडे मी दुसऱ्यांदा पाहून राह्यलो, मिस्त्री," अण्णा मला म्हणाले. "आता नवे जिल्हे करून आसिफाबाद चाललं, निर्मल चाललं. पयल्या टायमाले माही बहीण गेली तिकडं. तुमी पाहा काई जमते का."

मी प्रदीपकडून दसऱ्याच्या आधीचे थोडे दिवस मागून घेतले. नाही जमलं तर त्याचा ट्रक.

फट पडून परत मिटते, म्हणजे आत स्प्रिंग आहे. क्लचच्या स्प्रिंगाच त्या. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर दातेरी खाचांत बसते आणि एरवी मागंपुढं सरकते. इथं ती गंजून दांड्याला चिकटली होती. मी दांडा ओढत होतो, त्याबरोबर प्लेट येत होती आणि स्प्रिंगा तिला परत ढकलत होत्या. मग प्लेट सोडवायचीच नाही. आख्खा क्लचच इंजिनपासून मोकळा करायचा आणि गिअरबॉक्सबरोबर बाहेर काढायचा.

बेलहाउसिंगच्या खाली पत्र्याचं झाकण असतं. ते काढलं. त्या खिडकीतून आत क्लचचा एक बोल्ट दिसला. बाकीचे वर्तुळात फिरून मागं. ते खिडकीसमोर आणायचे तर इंजिन फिरायला हवं, आणि इंजिनही जाम.

प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं. मुरू दिलं. रोज सकाळी इंजिनच्या पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून बघायचो. जोर नाही करायचा, नुसता अंदाज घ्यायचा. अण्णा विचारायचे, "हाललं का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. ते चहा सांगायचे.

प्रदीपनं ट्रक ठरवल्याचा फोन केला, त्याच दिवशी सकाळी पाना हातात मऊ लागला. केसभर हलला. मी उलटा फिरवला, परत सुलटा. दुपारपर्यंत इंजिन पूर्ण फेरा फिरलं. मग एकेक बोल्ट खिडकीत आणायचा, थोडा ढिला करायचा, पुढचा आणायचा. एकच बोल्ट पूर्ण काढला तर क्लचचं कव्हर वाकडं होतं. शेवटचा निघाला आणि गिअरबॉक्स क्लचसकट सरळ मागं आला. कवचाला ओरखडासुद्धा नाही.

अण्णा उठून आले आणि इंजिनच्या मागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, तळहात ठेवून उभे राहिले. प्रदीपला फोन मीच केला. तो म्हणाला, "ठीक आहे काका. ट्रक नको म्हणून सांगतो."

क्लच दुरुस्त करून सगळं परत बसवण्यात दसरा हुकला. दिवाळीच्या आधी आम्ही राजुऱ्याला गेलो. स्टेअरिंगवर अण्णा, शेजारी मी. गल्लीत शिरलो तर आवाज ऐकून अक्का सुनेचा हात धरून दारात उभ्या होत्या. गाडीत मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसल्या.

"दार लाव. आदिलाबादले चाल."

सूनबाईनं मागून नको म्हणून मान हलवली. डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं होतं. अण्णांनी गाडी काढली आणि गावाबाहेर, गडचांदूरवरून आदिलाबादला जाणारा रस्ता सुरू होतो तिथं उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

अक्का त्या रस्त्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

"कापूस फुटला असंन न तिकडं?"

"फुटला."

"मंग चाल मागं."

अक्का त्यानंतर गाडीत बसल्या नाहीत. अण्णा मात्र आता महिन्याकाठी एकदा तिकडं जातात. इंजिन मूळचंच आहे, क्लच नीट सुटतो.

ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांना मी एवढंच सांगतो. वापरत नसलात तरी ती नुसती उभी ठेवू नका. अधूनमधून सुरू करा, क्लच दाबून सोडा. गाडी चालून जेवढी झिजते, त्याहून जास्त उभी राहून गंजते.