आईला विचार, म्हणाले होते डॉक्टर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, भावालाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण गळा काढायला नव्हे. मला माझाच संताप येतो — आणि तो गिळून गिळून आता वीट आलाय.

आई वाशीगावची, मासळी विकायची. खाडीपूल झाल्यावर गावासमोर नव्या शहराचे सेक्टर उभे राहिले, तिथल्या बायका तिचीच वाट बघायच्या. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डावा स्तन काढून टाकला. बाबा आधीच गेलेले. मी कॉलेजात, घरात इंग्रजी कळणारी एकटीच — काय तोरा होता मला त्याचा!

टाके सुकल्यावर डॉक्टर बोलले ते माझ्याशीच. समोर बाई बसलीय, छाती तिची, आणि बोलणं माझ्याशी! त्यांचाही राग येतो मला. पण त्यांनी सगळं नीट सांगितलं, हे खरं. पाठीचं मांस-कातडी पुढे वळवून छाती पुन्हा उभी करता येते. नाहीतर आत सिलिकॉनची पिशवी बसवता येते. आणखी एक ऑपरेशन लागेल, जखम चिघळूही शकते, तरी काही बायका करून घेतात. घाई नाही, आईला विचार, म्हणाले.

आईनं माझा हात ओढला. "काय बोलतो गो त्यो?"

मी घाबरले होते, असं म्हणू? पुन्हा ऑपरेशन, पुन्हा रक्त — इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. खोटं आहे ते. साफ खोटं! माझ्या मनात आलं होतं — नवरा नाही, आता हिला छाती हवी कोणासाठी? एकोणीस वर्षांची मी, आणि आईच्या अंगाचा निवाडा करत होते. शी!

टाके चांगले सुकलेत म्हणतात, बाकी काही नाही, असं मी आईला सांगितलं. डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं, आई नको म्हणते.

मग आई ब्लाउजात चिंध्यांचा गोळा कोंबून मासळी विकायला बसायची. कोळंबी निवडायला वाकली की गोळा वर सरकायचा. गिऱ्हाइकाकडे पाठ करून ती तो खाली दाबायची. मी रोज बघायचे. एकदा तरी तोंड उघडलं? उलट तिच्यावरच डाफरायचे, कोण बघतंय तुला!

काही वर्षांनी शेजारच्या सुनेला तोच रोग झाला. डॉक्टर म्हणतात छाती पुन्हा बनवता येते, करू का, असं विचारायला ती आईकडे आली.

"करून घे, बाय," आई म्हणाली. "मना मिलाला असता तं मी केला असता. माजे पोरीन सगला इचारलेला डॉक्टरला. तवा तसा काय नवता."

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. कौतुकानं.

मी मान डोलावली.