घरच्या तांदळाचा नमुना

नाव : अच्युत विनायक तळपदे. वय : चौतीस. हुद्दा : प्रयोगशाळा सहायक, धान्य विभाग. राहणार : भोईवाडा, परळ. उंची : पाच फूट चार इंच. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर आम्लाचा डाग. वर्तन : समाधानकारक. सदर इसम सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणार्थ नेमलेला असून त्याच्या नजरेतून आजवर अपायकारक धान्याचा एकही दाणा सुटलेला नाही.

सेवापुस्तकातल्या या नोंदीतलं शेवटचं वाक्य साहेबांनी स्वतःहून घातलं होतं. अच्युतने ते बायकोला, शकूला, दोनदा वाचून दाखवलं.

तळपद्यांची जमीन एके काळी शीवपर्यंत होती, असं त्याची आई यशोदाबाई सांगत. आजोबांच्या हयातीत ती बरीचशी गेली आणि अँटॉप हिलच्या पायथ्याशी भाताचा एक तुकडा उरला. तो कूळ म्हणून गणपत कसायचा. दर मार्गशीर्षात तो हातसडीच्या तांदळाची दोन पोती आणून टाकायचा. दोन खोल्यांत पोती ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती दारासमोरच असत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी. रेशनच्या रांगेत उभे राहणारे शेजारी वेगळे आणि आपण वेगळे, एवढंच त्या तुकड्याचं खरं उत्पन्न.

शेताच्या वरच्या अंगाला तीन वर्षांपूर्वी पत्र्याची शेड उभी राहिली. तिथे मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवत. धुण्याचं पाणी उताराने थेट खाचरात यायचं. वरच्या कोपऱ्यातलं भात खुरटतंय, असं गणपतने एकदा सांगितलंही होतं. अच्युतने त्याला शेणखत वाढवायला सांगितलं.

सत्तावन्न साली त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचं, उर्मिलेचं पोट दुखू लागलं. डॉक्टर जंत म्हणाले. यशोदाबाईंनी आपला उपाय सुरू केला : घरच्या तांदळाची पेज, कोंडा न काढता, दिवसातून तीनदा. पोर वाळत चालली. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला, हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि घरात कुणी छापखान्यात, शिशाच्या कामावर आहे का, असं विचारलं.

कुणीच नव्हतं. घरी येऊन अच्युत पोत्यांकडे बघत बसला.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात सगळं परळ बंद होतं. अच्युत चालत कामावर गेला, कारण रजेचा अर्ज दिलेला नव्हता. रिकाम्या प्रयोगशाळेत त्याने घरून आणलेला मूठभर तांदूळ जाळला, राख आम्लात विरघळवली आणि वरून हिरवं द्रावण घातलं. शिसं असलं तर ते लाल होतं. ते लाल झालं. त्याने तीनदा करून पाहिलं. बाहेर मोर्चा येऊन गेला, तेवढ्यात तिसरी नळीही लाल झाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी, विजयकरांनी, त्याचा कागद नीट वाचला.

"सील कुठाय? खरेदीची पावती? घरी पिकवून घरीच खाल्लेलं धान्य आपल्या कक्षेत येत नाही, तळपदे. तो तुमचा घरगुती मामला."

घरी सांगितल्यावर यशोदाबाई म्हणाल्या,

"तुझे आजोबा जन्मभर हेच जेवले. नव्वदी पाहिली त्यांनी."

"तेव्हा ती शेड नव्हती, आई."

शकूने उठून स्टोव्हवरचं पेजेचं पातेलं उतरवलं. सासूला उलट न बोलता तिला करता येण्यासारखं एवढंच होतं.

उर्मिलेला रेशनचा भात सुरू झाला आणि दोन महिन्यांत तिचं दुखणं ओसरलं. मध्यंतरी कधीतरी पोतीही दारातून गेली. अच्युतला सुटल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने काही विचारलं नाही. विचारलं ते बऱ्याच दिवसांनी.

"अन्न काय गटारात ओतायचं?" यशोदाबाई म्हणाल्या. "गणपतकडे धाडलं. त्याच्याकडे खाणारी तोंडं आहेत."

रविवारी अच्युत अँटॉप हिलला गेला. गणपतने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. अच्युतने शेड, खाचर, राख, लाल पाणी, सगळं समजावून सांगितलं.

"पोट तर आमच्या दोन्ही पोरींचं दुखतं, भाऊसाहेब," गणपत म्हणाला. "म्हणून तर पेज देतो. आजाऱ्याला हाच तांदूळ बरा, असा आईसाहेबांचा निरोप होता."

धाडलेल्या पोत्यांपैकी एक संपलं होतं.